ताप नाही, कणकण

६ फेब्रुवारी

ही डायरी दोन वर्षांपूर्वीची. औषधाच्या दुकानदाराने दिली होती, कोरीच पडून होती. छापलेले वार सगळे चुकीचे, म्हणून वाराकडे मी बघत नाही, तारीख तेवढी खरी धरते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. म्हणजे चौथीत नाव घातलं होतं, म्हणून चौथी म्हणायचं. पण अक्षर माझं मुलाच्या अक्षरापेक्षा बरं आहे, आणि तो गॅरेजमध्ये बिलं लिहितो.

लिहायचं कारण, भिंगरी येणार! भिंगरी म्हणजे माझी नात. लहानपणी एका जागी टेकायची नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता मोठ्या विद्यापीठात संशोधन करते आणि त्या संशोधनासाठी जगातली सगळी पाण्याची ठिकाणं सोडून आपल्या दारातलीच पाणथळ तिनं निवडली. फोनवर म्हणाली, "आजी, गोगलगाई मोजायला येतेय." मी म्हटलं, "त्यासाठी एवढं शिकलीस होय? लव्हाळ्याच्या प्रत्येक जुडीला चिकटून येतात, पाठवून दिल्या असत्या डब्यात घालून." खूप हसली. तिला हसवणं मला फार आवडतं.

आज सगळं आनंदाचंच लिहायचं असं ठरवलं होतं. पण पाणथळीचं नाव काढलं की बंधारा आठवतो आणि माझं डोकं फिरतं. पूर्वी पाणी खेळतं होतं. बंधारा झाला, लोखंडी दरवाजा बसला, आणि तेव्हापासून पाणी नुसतं बसून आहे, फुकट्या पाहुण्यासारखं. वर हिरवी साय धरते. आम्ही बायका त्यातच मांड्यांपर्यंत उभ्या राहून लव्हाळे कापतो, त्यातच भिजवतो, मग चटया विणतो. दरवाजा अधूनमधून उघडा म्हणून सांगायला गेलो तर बंधारेसाहेब म्हणाले, "बायांनो, पाण्याचा हिशेब तुम्हाला कळायचा नाही." तेव्हापासून मी त्यांच्या नावाने एक गाठ बांधून ठेवलीय. शालीला नाही, मनात.

९ फेब्रुवारी

आली! तिघं आले. भिंगरी, एक उंच डॉक्टर, जो आमच्या दाराच्या चौकटीवर दोनदा आपटला, आणि एक चष्मेवाली बाई. बाईला विचारलं, तुम्ही काय शिकता? म्हणाली, "धोरण." मी म्हटलं, "ते शिकावं लागतं? आमची थोरली जाऊ जन्मतःच धोरणी आहे." तेव्हापासून ती धोरणीबाई. डॉक्टर म्हणाला, मी रक्त-लघवी तपासतो, म्हणून तो रक्तवाला. त्यांना काही वाईट वाटलं नाही. चांगली माणसं.

काम असं, की भिंगरी पाणी बघणार, रक्तवाला माणसं बघणार, आणि दोघांना जे सापडेल त्यावरून सरकारनं काय करायचं ते धोरणीबाई लिहिणार. भिंगरी सांगते, साचलेल्या पाण्यात गोगलगाई माजतात. त्यांच्या पोटात एक किडा वाढतो, पाण्यात उतरतो आणि माणसाच्या पायाच्या कातडीतून आत शिरतो. चावत नाही, खाजवत नाही, विचारत तर नाहीच. आत जाऊन मूत्राशयाशी घर करतो. लोक यानं आजारी आहेत असं सिद्ध झालं, तर बंधारेवाल्यांना ठरलेल्या दिवशी दरवाजा उघडावा लागेल आणि घरटी औषध द्यावं लागेल. सिद्ध नाही झालं, तर दरवाजा बंद तो बंदच. मी म्हटलं, "करा सिद्ध. मी चहा टाकते."

मग त्यांनी लोकांना विचारायचे प्रश्न वाचून दाखवले. पहिलाच प्रश्न, "गेल्या काही आठवड्यांत आपणांस ज्वर अथवा ज्वरसदृश लक्षणे जाणवली काय?" हसून हसून मला ठसका लागला. म्हटलं, "ज्वर कोणाला येतो गं? नाटकातल्या राजाला! ताप म्हण, ताप. सरळ विचार, ताप आला होता का?" धोरणीबाईनं लगेच खोडून तसं लिहिलं. रक्तवाला म्हणाला, "आजी, तुम्ही आमच्या टीममध्ये." जे हो म्हणतील त्यांना लघवीसाठी बाटली द्यायची, नाही म्हणतील त्यांना सोडायचं, कारण तपासणारा एकटाच आणि बाटल्याही मोजक्या. म्हणजे सगळं त्या एका शब्दावर. आणि शब्द माझा.

जाऊबाईंना जाऊन सांगून आले. म्हणाल्या, "ताप हा शब्द तू शोधलास होय? आम्ही समजत होतो आधीपासून आहे." जळतात.

१३ फेब्रुवारी

आज आमची गल्ली झाली. भिंगरी दारात उभी राहून मला "आपण" म्हणायला लागली.

"आपलं वय?"

"तुला माहीत नाही?"

"विचारावं लागतं, आजी. सगळ्यांना सारखंच."

"मग परक्यासारखी बाहेर का उभी? परक्याला मी बस म्हणते."

बसली. "ताप आला होता का?" मी ठणकावून म्हटलं, "छे!" सून म्हणाली, नाही. जाऊबाईंनी तर कमरेवर हात ठेवून सांगितलं, "आमच्या घराण्यात बायकांना ताप येत नाही. पुरुषांना विचार." पुरुषांनी मात्र पटापट हो सांगितलं. माझ्या मुलानंसुद्धा. त्यांना ताप आला की कामावर सुट्टी मिळते, म्हणून त्यांना लक्षात राहतो.

मला निरोगी गटात टाकलंय! रक्तवाला म्हणाला, या वयात अशी तब्येत कमी दिसते. दिवसभर त्याच आनंदात होते.

संध्याकाळी जरा कणकण वाटली, शाल घेऊन बसले. बाकीचे पंख्याखाली. उन्हाळीही लागलीय, लघवीला जळजळतं. ऊन चढतंय ना आता. पाणी जास्त प्यायले. सुनेलाही लागलीय, ती बोलली नाही, पण तांब्या घेऊन किती वेळा गेली ते मला दिसतं.

२ मार्च

ते तिघे परत गेले, आकडेमोड करायला. घर खायला उठतं. आज सुनेबरोबर लव्हाळे कापायला उतरले. मी आता कापते थोडं, बोलते जास्त. मधेच सून काठावर जाऊन बसली, विळा मांडीवर, तोंड पांढरं. मला राग आला. म्हटलं, तुझ्या वयाची असताना मी दोघींचं काम करत होते. तर हळूच म्हणाली, "कणकण आहे, आई." मग आधी सांगायचं की नाही! तिची जुडी मीच ओढून आणली. कणकण काय, दुपारी चढते, रात्री उतरते, तिच्यासाठी काम थांबवलं तर चटया विणणार कोण?

चटईवाल्या व्यापाऱ्याने यंदा रंगावरून खोड काढली. म्हणे, लव्हाळ्यावर हिरवट डाग पडतो. पडणारच. पाणीच सडलंय. त्या बंधारेसाहेबाला त्या पाण्यात कमरेपर्यंत उभा करून चहा पाजला पाहिजे.

२८ मार्च

भिंगरीचा फोन. आवाज असा, की मला वाटलं कोणी गेलं.

"आजी, निकाल आला. पुरुषांत थोड्यांना सापडलाय. बायकांत जवळजवळ कोणालाच तापच नव्हता."

"मग चांगलंय की!"

"चांगलं कसं, आजी? पाण्यात तर बायकाच असतात."

"मग?"

"मग अहवालात आलं की आजार बंधाऱ्यावर डागडुजी करणाऱ्या पुरुषांना आहे. बंधारा ऑफिसनं उपायही लगेच काढला. पुरुषांना गमबूट वाटणार. दरवाजाचं नाव नाही."

गमबूट! मी दोनदा विचारलं, ऐकण्यात चुकले म्हणून. चुकले नव्हते. वर्षातून चार दिवस बंधाऱ्यावर सिमेंट थापणाऱ्याला गमबूट, आणि रोज पाण्यात असतात त्या बायकांना काही नाही, कारण आम्ही निरोगी! फोन ठेवल्यावर मी पातेलं असं आपटलं की शेजारची कोंबडी उडाली.

३१ मार्च

बंधारेसाहेब नमुन्याचे गमबूट घेऊन आले. पिवळे, चकचकीत. चौकात फोटो काढला. टपरीवरच्या पुरुषांनी घालून बघितले आणि तसेच चहा प्यायला बसले. कोरड्या चौकात, भर दुपारी. माझा मुलगासुद्धा! म्हटलं, "पाय शिजतील तुझे." म्हणाला, "आई, मापाला बसलेत."

मी साहेबांपुढे जाऊन म्हटलं, "आणि आम्ही?" साहेब गोड हसून म्हणाले, "आजीबाई, तुम्हाला काही झालंच नाहीये, तुमच्याच नातीनं लिहिलंय. अभिनंदन करा तिचं."

अंगाची लाही लाही झाली. माझी नात खोटं लिहिणार नाही. मग खोटं कोणी सांगितलं? या बायकांनीच. ताप लपवला असणार, लाजेकाजेनं. जाऊबाई तर नक्कीच. मला खरंच ताप नव्हता, माझी गोष्ट वेगळी, पण बाकीच्या सगळ्या जणी कशा ठणठणीत असतील? घरोघर जाऊन विचारलं, "का गं, खोटं का सांगितलंत?" उलट माझ्यावरच उखडल्या. जाऊबाई म्हणाल्या, "मला ताप आला असता तर मी झोपले असते. तू कधी मला झोपलेली बघितलीस?" तेही खरंच. या बाई झोपेत पण बसलेल्या असतात.

४ एप्रिल

भिंगरी एकटीच आली आणि बॅग खांद्यावरच ठेवून खुर्चीत बसली. आठ तारखेला नगरसभेत अहवाल मांडायचा आहे, गमबुटांवर शिक्का बसणार.

"आजी, माझं कुठेतरी चुकतंय. पाण्यात किडा आहे. गोगलगाईंत आहे. बायकांत का नाही?"

मी म्हटलं, "आमची हाडं चिवट." आणि तिचा हात हातात घेतला. तर ही दचकली.

"आजी, तुझा हात भाजतोय."

"आत्ताच कप धरला होता."

"एवढ्या उकाड्यात शाल का घेतलीस?"

"माझी शाल आहे. पाहिजे तेव्हा घेईन."

तेवढ्यात काखेत थर्मामीटर खुपसला सुद्धा. लहानपणी मी तिच्या काखेत खुपसायचे तेव्हा किती रडायची. बघितलं आणि ओरडली, "तुला ताप आहे!"

मग मात्र मी भडकले. "ताप त्या बंधारेसाहेबाला येवो. मला नुसती कणकण आहे."

"किती दिवस?"

"कणकणीचे कोणी दिवस ठेवतं का?"

"मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

"तू ताप विचारलास. कणकण विचारलीस?"

भिंगरीनं थर्मामीटर खाली ठेवला. मग अगदी सावकाश, जसं लहान मुलाला विचारतात तसं म्हणाली, "आजी, ताप म्हणजे काय?"

काय हे शिक्षण! म्हटलं, "ताप म्हणजे माणूस आडवा होतो. डॉक्टरकडे नेतात. दुसरं कोणीतरी चूल सांभाळतं."

"आणि कणकण?"

"कणकणीत चूल आपणच सांभाळायची."

तिनं आत हाक मारली. "आई, तुला ताप आला होता?" सून आतूनच म्हणाली, "नाही गं." "आणि कणकण?" तर ही म्हणते, "ती तर असतेच." जसं काही नळाला पाणी आहे का विचारलं. आवाज पण बदलला नाही तिचा.

भिंगरी हसली, मग तोंड झाकून रडायला लागली. मी म्हटलं, हसायचं तर हस, रडायचं तर रड, दोन्ही एकदम करू नकोस, माझं डोकं उठतं. तर पुढचं विचारते, "उन्हाळी लागलीय का?" बाप बाहेर बसलेला, आणि ही मोठ्यानं असलं विचारते! लागलीय म्हटल्यावर म्हणाली, रक्तवाला उद्या येतोय, बाटलीत लघवी दे. दुपारचीच लागते म्हणे, तेव्हाच किड्याची अंडी उतरतात. आणि ती शाळेमागच्या खोलीत नेऊन द्यायची, तिथं तो बारीक जीव बघायची दुर्बीण लावून बसणार. म्हणजे टपरीसमोरून जायचं, पुरुष बसलेत, त्यांच्यासमोरून बाटली घेऊन! मी म्हटलं, मी नाही देणार. तुझे आजोबा हयात असते तर त्यांनासुद्धा दिली नसती. सुनेनंही नाही म्हटलं. मी भिंगरीला सरळ सांगितलं, शब्द बरोबर होता, बायकांनी नीट ऐकला नाही.

तिनं वाद घातला नाही. रात्री जेवली नाही. मीही नाही. कणकणीनं भूकच लागत नाही हल्ली.

८ एप्रिल

सभा झाली. मी पुढच्या रांगेत बसले होते, माझ्या शब्दाची सभा म्हणून. आणि माझ्या सख्ख्या नातीनं माझा अपमान केला. नीट लिहून ठेवते.

बंधारेसाहेब उठले आणि म्हणाले, "अहवालात छापलंय, बायका ठणठणीत. गमबूट मंजूर करावेत." धोरणीबाई काही बोलणार, तेवढ्यात भिंगरी उभी राहिली. "बायकांचा भाग चुकीचा आहे. प्रश्न चुकला. इथे बायका ताप म्हणत नाहीत, कणकण म्हणतात. आम्ही ताप विचारला. जिने नाही म्हटलं तिला आम्ही तपासलंच नाही."

साहेब म्हणाले, "म्हणजे बायकांचा भाग चूक आणि पुरुषांचा बरोबर? सोयीचं आहे." लोक हसले. "आणि हा शब्द निवडला कोणी?"

भिंगरी म्हणाली, "मी. चूक माझी आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या लोकांसमोर! माझा शब्द, आणि म्हणे मी! मी उभी राहून ओरडले, "खोटं बोलते! शब्द माझा! ज्वर लिहिला होता यांनी, मी ताप सांगितला!"

सगळी सभा हसायला लागली. साहेब तर टेबलाला धरून हसले. म्हणाले, "म्हणजे संशोधन आजीबाईंनी केलंय! विद्यापीठाला कळवायला हवं." भिंगरीनं डोळे मिटून घेतले. बहुधा लाज वाटली असेल माझं श्रेय दाबल्याची. वाटलीच पाहिजे.

धोरणीबाई तेवढी थंड डोक्याची. म्हणाली, "साहेब, हसून झालं असेल तर एक विचारते. पुन्हा तपासायला आठवडाभर द्या. बायकांत नाही निघालं, तर गमबुटांना आम्हीच अनुमोदन देऊ." लोकांसमोर नाही म्हणता येईना. आठवडा मिळाला. बाटल्यांची पेटी आली. मी घरी आल्यावर भिंगरीशी बोलले नाही. तिनं मला पाणी आणून दिलं आणि शाल नीट केली. मी थँक्यू पण म्हटलं नाही.

१० एप्रिल

एक पण बाई आली नाही. शाळेमागच्या खोलीत रक्तवाला दुर्बीण लावून बसलाय, शेजारी रिकाम्या बाटल्या. भिंगरी दारोदार फिरते, आता नीट विचारते, कणकण आहे का, उन्हाळी आहे का. सगळ्या हो म्हणतात. बाटली पुढे केली की दार लोटून घेतात. एकीनं तोंडावर सांगितलं, "सभेत हसं झालं तेवढं पुरे. आता आमची लघवी घेऊन चौकात हसं करायचं का?"

मुलगा आज मला म्हणाला, "आई, ती स्वतःवर घेत होती, तू मधे पडलीस आणि तिला बुडवलंस."

बुडवलं! मी! ज्या नातीला मी मांडीवर घेऊन झोपवलं, तिला? मी त्याला म्हटलं, गमबूट काढ आधी पायातले, मग मला शिकव. त्यानं काढले आणि बाहेर गेला. तेव्हापासून त्याच्याशीही बंद. भिंगरीशी आधीच बंद. आता घरात सून उरली, आणि ती मुळात बोलतच नाही.

१२ एप्रिल

सून चुलीपाशी पडली. म्हणजे चक्कर येऊन खाली बसली आणि मग आडवी झाली. शुद्ध होती. मी तिला चटईवर घेतलं, पाणी शिंपडलं. डोळे उघडून म्हणाली, "आई, काही नाही, कणकण." मी तिला म्हटलं, "मेले, आडवी झालीस तरी कणकणच का?" तिला हसू आलं. तशीच उठायला लागली, भाजी लागेल म्हणून. मी तिला खांदे धरून खाली दाबलं. भाजी लागली. लागू दे.

ती झोपल्यावर मी बराच वेळ तिच्याजवळ बसले. कोणावर रागवावं तेच कळेना. साहेबावर तर आहेच. या बायकांवर. सुनेवर, की का नाही सांगितलंस. पण तिनं सांगितलं होतं, काठावर बसून, आणि मी जुडी ओढत होते. मग त्या कणकण शब्दावरच राग आला. एवढासा शब्द, आणि कसा सगळ्यांना उभं ठेवतो!

भिंगरी आली, आईला तसं बघितलं. पेटीतून दोन बाटल्या काढून माझ्याजवळ ठेवल्या आणि आत गेली.

१३ एप्रिल

आज काय झालं ते लिहितेय, आणि राग अजून उतरलेला नाही.

दुपारी सुनेला म्हटलं, भर. तिनं माझ्याकडे बघितलं आणि भरली. मीही भरली. सुनेचा रंग बघितला मात्र. लालसर. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, पाणी पाहुणं होऊन बसलंय तेव्हापासून. माझ्या सुनेच्या तोंडून विनोद! कधी न बोलणारी, आणि काय बोलली!

दोन हातात दोन बाटल्या घेऊन निघाले. शालीखाली धरल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर टपरी दिसली, पुरुष बसलेले, आणि मला एकदम एवढा संताप आला की मी शाल काढून खांद्यावर टाकली. आम्ही पाण्यात उभ्या असताना तुम्हाला आमचे पाय दिसत नाहीत, मग बाटली कशी दिसते? बाटल्या समोर धरूनच चौकातून चालले, देवाला दिवा नेतात तशा. टपरीवर एकजण खोकला. मी थांबले. म्हटलं, "काय रे? सरबत नाही, लघवी आहे. माझी ही, सुनेची ही. सुनेच्या बाटलीत रक्त आहे. बघायचंय?" कोणी कप उचलेना. माझा मुलगा तिथेच होता. तो उठला आणि माझ्या शेजारून चालायला लागला. सुनेची बाटली त्यानं माझ्या हातातून घेतली.

मग मागून आवाज आला, "थांब गं!" जाऊबाई. बाटली हातात, भरलेली. कधी भरली देव जाणे, भिंतीला कान लावून असतात. मला वाटलं, साथ द्यायला आल्या. कसलं काय! मला मागे सारून म्हणाल्या, "थोरली मी आहे. पुढे मी चालणार. आणि कणकण मला तुझ्या आधीपासून आहे."

"आधीपासून कशी? बंधारा एकाच दिवशी झाला की!"

"मी तुझ्यापेक्षा खोल पाण्यात जाते."

असं भांडत भांडत आम्ही शाळेपर्यंत गेलो. भांडण ऐकून दारं उघडली. मागे वळून बघते तर एक आली, मग तिची सासू, मग पलीकडच्या गल्लीतल्या तिघी, कोणी शालीखाली, कोणी उघड्यावर. खोलीत शिरताना रक्तवाला घाईत पुन्हा चौकटीवर आपटला. थोड्या वेळानं भिंगरी बाहेर येऊन ओरडली, "बाटल्या संपल्या, घरून झाकणाच्या आणा! धुऊन, उकळून!" धोरणीबाई फोनवर होती. "साहेब, तुम्हीच या," म्हणत होती, "नाही, फोटो नको, रांग बघायला या." तिचा आवाज एवढा गोड मी कधी ऐकला नव्हता. धोरणी ती धोरणीच.

भिंगरीनं मला दुर्बिणीपाशी बसवलं. आधी काही दिसेना. मग दिसलं. लांबट बीसारखं, आणि एका टोकाला काटा. चांगला टोकदार. रक्तवाला म्हणाला, हे किड्याचं अंडं, आजी, तुमच्या बाटलीतलं. औषध आहे, बरं होतं, घाबरू नका. घाबरते कशाला? मला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या अंगात, माझ्या परवानगीशिवाय, काटे घेऊन बसलाय!

भिंगरीनं पाठीवरून हात फिरवला. आम्ही अजून बोलत नव्हतो, म्हणून मी काही बोलले नाही, पण हात काढ असंही म्हटलं नाही.

तेवढ्यात जाऊबाईंची काच लागली. रक्तवाल्यानं मोजलं आणि मोठ्यानं सांगितलं. जाऊबाई कमरेवर हात ठेवून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्यात हिच्यापेक्षा जास्त निघाले!"

मी रक्तवाल्याला म्हटलं, माझे पुन्हा मोज. नीट मोज.